बॅगेतून काढलेलं पुस्तक

अंबरनाथ पूर्वेच्या एका फ्लॅटमध्ये बॅग भरायचं काम चाललं होतं. हिंदुरावांचा मुलगा सनी आणि नवी सून किर्ती फिरायला बालीला निघाले होते. घरोघरी होतं तेच इथंही झालं. चिवडा, मेतकूट, ठेपले, लोणच्याची बाटली असं सगळं आत गेलं आणि बॅग जड झाली. काहीतरी काढणं भाग होतं. हिंदुरावांनी पुस्तक काढलं.

ते त्यांच्या बहिणीनं, संजीवनीनं, आणलं होतं. ती बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायची आणि शाळेत भूगोल शिकवायची. बालीतली माणसं कशी जगतात, काय पाळतात, त्यांना काय खटकतं, हे सांगणारं पुस्तक तिनं बरीच दुकानं पालथी घालून निवडलं होतं.

"दादा, त्यापेक्षा लोणचं काढ," ती म्हणाली.

"अगं, पोरं फिरायला चाललीत, परीक्षेला नाही. आणि तिथं आपलेच देव, आपलीच देवळं. वाचायचं काय त्यात?"

"तेच तर. परक्याच्या घरात माणूस जपून वागतो. आपलंच समजलं की कुठंही पाय टाकतो."

सनी हसला. "आत्या, मोबाइल आहे ना. टेन्शन नको घेऊ."

पोरं गेली. फोटो येऊ लागले. मग पाडवा आला. खाली शोभायात्रेचे ढोल वाजत होते. गुढी दाखवायला म्हणून हिंदुरावांनी सनीला व्हिडिओ कॉल लावला. लागला नाही. मेसेजही पोचेना. किर्तीचा फोन तसाच. हॉटेलचा नंबर नुसता वाजत राहिला. ट्रॅव्हल एजंटचं ऑफिस सणामुळे बंद होतं. शेजाऱ्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं, "काका, तिथलं विमानतळच आज बंद आहे."

अख्खं विमानतळ बंद? श्रीखंडाची वाटी तशीच राहिली. संजीवनीला त्यांनी ताबडतोब बोलावून घेतलं.

ती आली आणि आधी खुर्चीत बसली. "दादा, आज त्यांचंही नवं वर्ष. आपल्यासारखाच शक पाळतात ते. पण ते आज दिवे लावत नाहीत, चूल पेटवत नाहीत, मोठ्यानं बोलत नाहीत, घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. विमानतळ, मोबाइलचं इंटरनेटसुद्धा बंद असतं. पुस्तकात आहे हे सगळं. पोरं वाचतील म्हणून मी आधी तारीख ताडून पाहिली नाही, पुस्तक घरी राहिल्यावरही सांगायचं सुचलं नाही, माझंही चुकलंच."

"म्हणजे पोरं सुखरूप आहेत ना?"

संजीवनी म्हणाली, "खोलीत असतील तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, तो हॉस्पिटलमधून. किर्ती बोलत होती.

हॉटेलवाल्यांनी बाहेर जाऊ नका म्हणून बजावलं होतं. सनीला वाटलं, आपल्याकडच्या बंदसारखं काहीतरी असेल, मागच्या गल्लीत एखादं दुकान उघडं असणारच. अंधार पडायच्या सुमारास दोघं मागच्या दारानं निघाले. रस्त्यावर एक दिवा नाही, एक गाडी नाही. घरांत माणसं होती, पण आवाज नव्हता. आपल्याच चपलांचा आवाज ऐकून किर्ती घाबरली आणि परत फिरू या म्हणाली. तेवढ्यात अंधारातून चौकड्यांचं कापड गुंडाळलेली काही माणसं पुढं आली. ती काही बोलेनात, नुसती हातानं थांबा म्हणत होती. सनीला वाटलं लुटारू आहेत. त्यानं पुढच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला आणि किर्तीला ओढत पळत सुटला. ती कोरड्या गटारात पडली. पायाचं हाड मोडलं.

ते गावाचेच राखणदार होते. त्यांनीच किर्तीला उचललं, ॲम्ब्युलन्स बोलावली. ओठ फुटलेला तो म्हातारा तिच्या पायाला प्लास्टर होईपर्यंत बाहेर बसून होता.

मग सनीनं फोन घेतला. "पप्पा, त्यांनी पोलिसांत दिलं नाही मला. मी पाया पडलो त्यांच्या. त्यांनी फक्त एकच विचारलं. घरून निघताना तुम्हाला कुणीच काही सांगितलं नाही का?"

हिंदुरावांनी बॅगेतून काढलेलं ते पुस्तक हातात घेतलं. एका भल्या माणसाचं रक्त सांडलं आणि त्याची सुरुवात या घरात झाली होती!

पुढे बिल्डिंगमधला राजरत्न शिकायला जपानला निघाला. सोसायटीत पॉवर बँक द्यायचं ठरत होतं. हिंदुराव म्हणाले, "भेट मी निवडतो." ते संजीवनीला घेऊन कल्याणला पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदारानं गुळगुळीत फोटोंचं एक जाडजूड पुस्तक पुढं केलं. हिंदुरावांनी चाळून परत दिलं. "यात बघायच्या जागा आहेत. तिथली माणसं कुठं आहेत?" बराच वेळ शोधून मनासारखं पुस्तक मिळालं. देण्याआधी त्यांनी ते स्वतः वाचून काढलं आणि मग राजरत्नला म्हणाले, "बाळा, विमानात बसायच्या आधी वाच. नंतर नको."

मित्रहो, आपल्यातलं कुणी ना कुणी आज परमुलखाला निघालेलं असतं. त्याच्या पोटाची काळजी आपण घेतोच. पण तो ज्यांच्या दारात उभा राहणार आहे, त्या माणसांची ओळख त्याला करून देणं हेही आपलंच काम आहे. त्यानं तो सुखरूप राहील, आणि त्याच्यापासून तेही.