पोटावरचा खळगा

काली नावाच्या शहरात मुलीची पंधरा वर्षं भरली की घरात दोन खर्च ठरलेले: मेजवानीचा आणि डॉक्टरचा. कुणी नाक मागते, कुणी आणखी काही. त्या मानाने देयानिराच्या लेकीचं, मारयुरीचं मागणं गरिबाचं होतं. मोटारसायकलवरून पडून गालावर बोट बुडेल एवढा खड्डा राहिला होता, तो लेझरने भरून हवा होता. देयानिरा रस्त्याच्या कडेला चोंतादुरोची उकडलेली फळं मीठ-मध लावून विकायची. तिने सगळ्या बैठकांचे पैसे आधीच भरून टाकले. आधी भरले की सूट मिळते, आणि सूट सोडणं तिच्या रक्तात नव्हतं.

वाढदिवस मेमध्ये होता. मार्चात डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत मारयुरी गेली.

दवाखान्याने पैसे परत द्यायला नकार दिला. नाव मात्र बदलून देऊ म्हणाले. हे कळल्यावर धाकटी बहीण एदिल्मा मागेच लागली. एदिल्माच्या चेहऱ्यावर कपाळ तेवढं देवाचं, बाकी सगळं हप्त्यांचं.

"ताई, तुझ्या पोटावरचं घे की करून."

"माझं पोट कोण बघतंय?"

"बघत कुणी नाही, पण तुझा हात सारखा तिथेच. गिऱ्हाईक समोर उभं असतं नि तू एप्रनखाली चाचपत असतेस. लोकांना वाटतं, बाईच्याच पोटात दुखतंय, हिची फळं कशाला खा."

ते खरंच होतं. मारयुरी सिझेरियनची. इस्पितळात घाईघाईने घातलेले टाके आत ओढले गेले आणि बेंबीखाली आडवा खळगा पडला. "मी बाहेर आल्यावर दार नीट लावून तरी घ्यायचंस, आई," असं मारयुरी चिडवायची. आता पोर गेली होती आणि तिचं म्हणून एवढंच अंगावर उरलं होतं.

"तो भरला की हात आपोआप सुटेल," एदिल्मा म्हणाली. "अशी किती दिवस काढणार?"

देयानिराला वाटलं, सुटेलही. एखादी दुपार तरी बरी जाईल. ती हो म्हणाली, आणि म्हटल्यापासून हात खळग्यावरून निघेना.

दवाखान्यातली पोरगी येईल तिला राणी म्हणायची. "या राणी. मारयुरीच्या जागी तुम्ही ना? मुलीचं मन बदललं वाटतं? या वयात असंच. एकदा कुणी आवडणारा भेटला की खड्डाही गोड दिसायला लागतो."

एदिल्मा तोंड उघडणार, तोच देयानिरा म्हणाली, "हो. बदललं."

पोरीने तिला आडवं केलं, खळग्यावर मलमाचा जाड थर दिला, वर प्लास्टिक लावलं. "हे मुरलं की लेझर कळणारही नाही. पडून राहा, हात लावू नका."

हात न लावणं देयानिराच्या हातात असतं तर ती इथे आलीच नसती. पोरगी बाहेर गेल्यावर काही वेळाने तिचं बोट प्लास्टिकखाली शिरलं. बोट पोटाला लागलं, पण पोटाला बोट लागेना. तिने दाबलं. आणखी दाबलं. नख रुतवलं. थोड्या वेळाने बोटाचं टोकही बधिर झालं. मग ना बोटाला पोट कळे, ना पोटाला बोट. मान उचलून पाहिलं तर खळगा जागेवरच होता, पण परक्या बाईचा असावा तसा.

पोरगी आली तेव्हा ती उठून बसली होती, गाउनने पोट खसाखसा पुसत.

"राणी, अजून सुरूच नाही केलं."

"मला काही कळत नाहीये."

"कळू नये म्हणूनच तर लावलंय."

"तेच नको मला," देयानिरा म्हणाली, आणि चपला घालू लागली.

बाहेर फुटपाथच्या कडेला ती बसली, ब्लाउजखाली हात घालून, भर उन्हात. एदिल्मा रागावून म्हणाली, "भरलेले पैसे असे..." आणि बहिणीचं तोंड बघून थांबली. शेजारी टेकली.

"आलं का काही कळायला?"

"नाही."

एक बस धूर सोडून गेली.

"आता?"

"अगं, नाहीच येत."

बऱ्याच वेळाने एका कडेला मुंगी चालल्यासारखं झालं. मग नखाने रुतवलेलं झोंबायला लागलं. झोंबलं तशी देयानिरा पोटावर दुमडली आणि मारयुरीला पुरल्यापासून न फुटलेला आवाज तिच्यातून निघाला. येणारे-जाणारे वळून बघू लागले. एदिल्माने छत्री उघडून रस्त्याच्या बाजूला धरली.