चांदीच्या चमच्याची चूक

मी एक जुना चांदीचा चमचा आहे. धारच्या सराफ्यात माझा जन्म झाला आणि बळवंतरावांच्या उष्टावणात पहिली खीर मीच भरवली. मित्रांनो, तेव्हापासून माझा तोरा काय विचारता!

घरात एक रीत होती. पावसाळ्यात रानातली अळंबी शिजली, की मला पातेल्यात बुडवायचे. विष असेल तर चांदी काळी पडते, असा सगळ्यांचा समज. मी दरवेळी लखलखीत बाहेर येई आणि वाहवा मिळवी. खरे तर अळंबी पारखून आणायची ती थावरी भिल्लीण. मी आपला आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होतो.

१९०८ च्या भाद्रपदात बळवंतराव मांडूकडे शिकारीला गेले. ससा मिळाला नाही, अळंबी मिळाली. चाकूने सपासप कापून त्यांनी पिशवी भरून आणली. त्यांच्या पत्नी भवानीबाईंनी रस्सा केला आणि मला त्यात बुडवले. मी झक्क! मुले पानांवर बसली.

तेवढ्यात थावरी टोपली घेऊन परसदारी आली. चिरताना उरलेले तुकडे तिने उचलून पाहिले, त्यांची मुळे शोधली.

"मत खाजो, बई! इनकी जड़ कां हे?"

"चमचा बघ की," बळवंतराव वैतागले. "चांदी कधी खोटं बोलते का?"

"थांको चमचो कदी जंगल में गयो हे? म्हारो भई याज खई के मर्‍यो."

थावरीचा भाऊ हीच खाऊन मेला, हे ऐकताच भवानीबाईंनी मुलांची पाने मागे ओढली. थावरीने पिशवी उपडी केली. तळाशी एकच अळंबी मुळासकट निघाली. तिच्याशेजारी तिने आपल्या टोपलीतली ठेवली. करंगळीएवढ्या दोघी, सख्ख्या बहिणीच: तीच पांढरी टोपी, तोच मधला उंचवटा, त्याच नाजूक घड्या. पण थावरीच्या अळंबीचे मूळ लांब, निमुळते, वारुळात खोल गेलेले. दुसरीच्या पायाशी पांढरी वाटी. फरक तेवढाच, आणि तो चाकूमुळे रानातच राहिला होता.

रस्सा खड्ड्यात गेला. बळवंतरावांनी मुलांकडे पाहिले आणि थावरीपुढे हात जोडले. तिच्या चिखलाने भरलेल्या बोटांना जे कळत होते, ते माझ्या सगळ्या चांदीला कळले नव्हते. मला फार लाज वाटली आणि तिचे फार कौतुकही वाटले.

पुढे थावरीने पाहिल्याशिवाय त्या घरात अळंबी चुलीवर चढली नाही. मित्रांनो, मला घासा, पुसा, माझ्याने खीर खा. पण रानातले काही पारखायचे असेल, तर रान जाणणाऱ्या माणसालाच विचारा. विषात बुडूनही मी चमकत राहिलो होतो. आणि आज, कोरड्या पेटीत नुसता पडून, साध्या हवेनेच काळाठिक्कर झालो आहे.