नोराच्या खळ्याची भिंत

नागपूरच्या बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं काढून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले पद्माकर वझलवार फेब्रुवारी २०२० मध्ये मुलाकडे परदेशात, किलकेनीला आले, ते तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि पाहुण्याचा कैदी झाला. विक्रांत वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, सूनबाई केतकी जेवणाच्या टेबलावर मीटिंगमध्ये, आणि आठ वर्षांची तन्वी सोफ्यावर टॅब घेऊन शाळेत. पद्माकररावांना साधं खोकायचं झालं, तरी आधी चौफेर बघून घ्यावं लागे. नातीला हाक मारली तर ती मान वर न करता म्हणे, "आजोबा, आयम इन क्लास!" बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. नागपूरच्या रिकाम्या घरात एकटं वाटायचं, ते समजण्यासारखं होतं. इथे भरल्या घरात एकटं वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

घरापासून दोन किलोमीटरपर्यंत चालायची तेवढी मुभा होती. तशा एका फेरीत, वसाहतीच्या मागच्या अरुंद रस्त्यावर, त्यांना नोरा फेलनचं शेतघर दिसलं. एका बाजूला दक्षिणेकडे तोंड केलेलं घर, उरलेल्या तिन्ही बाजूंना दगडी कोठारं, तबेला, गोठा, आणि मधोमध फरसबंद अंगण. आजूबाजूच्या शेतांवर एका रांगेतली बुटकी घरं, आणि इथेच ही ऐट कशाला, म्हणून ते फाटकाशी थबकले. माणूस निवृत्त झाला तरी डोळा काही निवृत्त होत नाही.

"आत या, पण तिथेच उभे राहा," घराच्या अर्ध्या दारामागून एक म्हातारी म्हणाली. ही नोरा. वय एक्याऐंशी, लग्न केलेलं नाही, भाऊ डेक्लन दीड वर्षापूर्वी गेलेला, गोतावळा म्हणजे दोन गाढवं. पद्माकर हे नाव तिला पेलेना, तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी त्यांचं पॅडी करून टाकलं.

तिनं दारातूनच सगळा इतिहास सांगितला. इथे इंग्रजांचं राज्य असताना एका इंग्रज जमीनदारानं समुद्रापलीकडच्या आपल्या गावाकडचा एक कारभारी आणला आणि त्यानं तिकडे असतं तसंच इथे बांधलं. फेलन मंडळी तेव्हा त्याच जमिनीवर कुळं होती. पुढे कायदे झाले, इंग्रज गेला आणि जमीन कुळांकडे आली.

"म्हणजे आमचा कूळकायदाच की!" पद्माकरराव खूश झाले. परक्या देशात एवढ्या ओळखीचं काहीतरी पहिल्यांदाच भेटत होतं.

मोठ्या कोठाराला समोरासमोर दोन उंच दारं होती. एवढी दारं कशाला, हे तिनं सांगायच्या आत त्यांनीच ओळखलं. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार, आणि मध्ये उभं राहून धान्य उफणायचं. हे तर खळं! पावसाळी मुलुख म्हणून डोक्यावर छप्पर घेतलेलं, एवढाच फरक. वर तिकोन्या भिंतीत एक भोक होतं, ते घुबडासाठी. उंदीर खायला घुबडाला मुद्दाम घर करून दिलेलं पाहून त्यांना हसू आवरेना. आमच्याकडे घुबड घरात शिरलं तर भटजी बोलावतील, असं त्यांनी सांगितलं, आणि नोराही हसली.

खळ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मात्र पार रित्या झाल्या होत्या. बोट घातलं की भुगा निघायचा.

"मी भरून देतो," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं हेच केलं आहे."

नोरा जरा वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

निर्बंध थोडे सैल झाल्यावर विक्रांतनं सिमेंटच्या पिशव्या मागवून दिल्या. बाबा एका उद्योगाला लागले, घरात शांतता झाली, त्याला आणखी काय हवं होतं! मेच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत पद्माकरराव रोज साडेदहाला थापी घेऊन हजर. नोरा कुंपणाच्या भिंतीवर चहाचा थर्मास आणि सोडा घातलेला पाव ठेवून लांब होई. मग ते खात, ती दारातून बोले. चार महिन्यांनी भिंत अशी झाली की सरकारी विश्रामगृहाला शोभावी.

काम संपलं आणि जाणंही संपलं. काम नसताना एकट्या बाईच्या दारात उभं राहायचं ते काय म्हणून? एकदोनदा ते फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले.

जानेवारीत विक्रांतनं तिकिटाची बातमी आणली. वीस फेब्रुवारी, दोन ठिकाणी विमान बदलून नागपूर. दहा महिने याच तिकिटासाठी त्यांनी मुलाच्या मागे धोशा लावला होता. निरोप घ्यावा आणि भिंतीचा एक फोटो काढून न्यावा म्हणून ते दुसऱ्या दिवशी निघाले.

खळ्याच्या दारात त्यांना ओलीचा वास आला. भिंत आतून पाझरत होती. बाहेर त्यांचं सिमेंट शाबूत होतं आणि मधल्या दगडांचे पापुद्रे सुटून खाली पडले होते. गाढवांचा चारा कुणीतरी ओढून दूर कोपऱ्यात ताडपत्रीखाली नेला होता. कुणीतरी म्हणजे कोण? एक्याऐंशी वर्षांची बाई, एकटी. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही भिंत चुन्यात बांधलेली. चुना ओल पितो आणि बाहेर टाकतो. सिमेंटनं तिचं नाकतोंड बंद केलं, आत मुरलेलं पाणी थंडीत गोठलं आणि दगड फोडून निघालं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी चुना मळायची घाणी चालताना पाहिली होती. तरी सिमेंटच्या घमेंडीत सगळं विसरले.

ते घराच्या दाराशी गेले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," नोरा म्हणाली. "वडील आणि डेक्लन चुन्यानं दरजा भरायचे. चुना मीच कालवायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही पिशव्या परत पाठवल्या असत्या, चुन्याचं काम आपलं नव्हे म्हणाला असतात, आणि पुन्हा आला नसतात." तिनं अंगणाकडे हात केला. "डेक्लन गेल्यापासून या अंगणात कुणी येत नव्हतं, पॅडी. हा आजार नव्हता तेव्हाही नाही. म्हटलं, भिंत दगडाची आहे, सोसेल."

पद्माकररावांना संताप आला. माझ्या हातून असलं काम करवून घेतलंत, पस्तीस वर्षांची अब्रू घालवलीत, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं. ते पाठ फिरवून भिंतीशी गेले. खाली बसून एका दरजेवरून बोट फिरवलं. मग उठून परत आले.

"हे काढावं लागेल," ते म्हणाले. "छिन्नीनं, एकेक दरज, दगड न दुखावता. चुना मात्र एप्रिलशिवाय लावता येणार नाही, थंडीत धरत नाही."

"तुमचं तिकीट आलं असेल ना?"

त्यांनी बोटाला लागलेली माती झटकली. मग खाली बघत म्हणाले, "नोराबाई, एक सांगायचं राहिलं आहे. ते काम सहा आठवड्यांचं होतं. मी चार महिने लावले. चांगल्या भरलेल्या दरजा उकरून पुन्हा भरायचो."

"ठाऊक आहे," नोरा म्हणाली. "मी खिडकीतून बघायचे."

पद्माकररावांनी तिथेच उभं राहून विक्रांतला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. तिकीट रद्द कर, असं त्यांनी त्याला लिहून पाठवलं.