उजवीकडचा दिवा

राजलक्ष्मीबाईंनी खिडकीतून उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर काढला, पंजा ताठ उभा केला आणि चामराजपेटच्या चौकात सिमेंटच्या पोत्यांची लॉरी थांबवली.

"वळा आता," त्या म्हणाल्या.

भगवंतरावांनी गाडी उजवीकडे घातली. लॉरीवाल्याने कपाळाला हात लावला. तो नमस्कार होता की वैताग, हे बाई कधी तपासत बसत नसत.

गाडी होती पासष्ट सालची फोक्सवॅगन, एका अमेरिकन प्राध्यापकाने मायदेशी परतताना विकलेली. तिचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे आपल्या रस्त्यावर चालवणारा फुटपाथला खेटून बसायचा आणि रस्त्याच्या मधल्या अंगाला त्याची बायको. पुढच्या बसला ओलांडायचं, तर समोरून काय येतंय ते तिलाच दिसणार. त्यात मागचे दिवे सगळे लाल. ब्रेक लाल, वळायची खूणही लाल. मागच्यांना वाटायचं, हा गृहस्थ ब्रेकवर पाय नाचवतोय. त्यामुळे गेली सव्वीस वर्षं उजवं वळण हे राजलक्ष्मीबाईंचं खातं होतं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण "आम्ही चालवतो" असं त्या चारचौघांत सांगत आणि त्यात खोटं फारसं नव्हतं.

गाडी गुंडोच्या दुकानापाशी थांबली. गुंडो निपाणीकडचा, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा. भगवंतरावांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या, मागच्या दिव्यांच्या दोन काचा काढल्या. त्यांचा भाचा प्राणेश कंपनीच्या कामाला जर्मनीला गेला होता, त्याने त्या आणल्या होत्या. खाली लाल, वर नारिंगी.

"अमेरिकेत कसं असतंय अण्णा," गुंडो म्हणाला, "एकच बल्ब ब्रेकलाही आणि वळायलाही. युरोपात वळायचा बल्ब निराळा, नारिंगी काचेमागं. स्वल्प वायर जास्त ओढायची, झालं."

त्याने नवा बल्ब उजेडात डोळ्यांसमोर धरला. "आतली तार धड असली की बल्ब जिवंत. बघा अक्का."

अक्कांनी पाहिलं, पण कौतुक काही केलं नाही.

तासाभराने मागे नारिंगी दिवा लुकलुकू लागला. भगवंतरावांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"सुटलीस तू," ते म्हणाले. "आता हात काढायला नको."

"सरी, बरं तर," म्हणून बाईंनी काच वर केली.

जे. पी. नगरच्या घरी पोहोचेपर्यंत पाच उजवी वळणं आली. पाचही वेळा टिकटिक झाली आणि मागचे लोक निमूट थांबले. राजलक्ष्मीबाईंचा हात मांडीवरच्या पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिला. त्यांना फार वाईट वाटलं. साठीला टेकल्यावर आपण एका दिव्यावर जळतो आहोत, याची लाजही वाटली.

पुढच्या शनिवारी, चामराजपेटच्या नेहमीच्या फेरीच्या वेळी, त्यांचे गुडघे दुखले. त्याच्या पुढच्या शनिवारीही दुखले. भगवंतराव चामराजपेटला जाऊन एकट्यानेच कॉफीची पूड आणू लागले. एकदा तर ते मार्केटपासून घरापर्यंत एकाच बसच्या मागे आले. ओलांडायला समोरचं दिसेल तेव्हा ना! प्रत्येक थांब्यावर बस थांबली, तसे तेही थांबले. घरी आले तेव्हा शर्टाला डिझेलचा वास येत होता.

"दिवा मात्र फर्स्ट क्लास आहे," ते म्हणाले. बाईंनी काही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी ते स्वयंपाकघराच्या दारात किल्ली वाजवत उभे राहिले.

"उजवा दिवा गेला."

"गुंडोला दाखवा."

"तो गावाला गेलाय. आणि हा युरोपचा माल, त्याचा काय भरवसा?" त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "गुडघे कसे आहेत?"

गुडघे बरे होते.

चौक आला. एक दिवा बंद, म्हणून टिकटिक भलत्याच घाईने होत होती. काच खाली गेली, हात बाहेर आला आणि सिटी बस जागच्या जागी थांबली. तिच्यामागे तीन ऑटो थांबल्या.

"वळा आता."

भगवंतराव वळले. मग पुढचं उजवं वळणही त्यांनी घेतलं, आणि त्याच्या पुढचंही. कॉफीचं दुकान डावीकडे होतं.

कपडे भिजत घालण्याआधी खिसे तपासायची राजलक्ष्मीबाईंची जुनी सवय. सोमवारी भगवंतरावांच्या शर्टाच्या खिशात त्यांना रुमालाची पुरचुंडी लागली. तिच्यात एक बल्ब होता. खिडकीशी नेऊन त्यांनी तो उजेडात धरला. आतली तार धड होती.

नळ वाहत राहिला, बादली भरून वाहिली. मग त्यांनी बल्ब होता तसा गुंडाळला आणि कपाटातल्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिला.

शनिवारी भगवंतरावांनी तोच शर्ट घातला. बटणं लावता लावता त्यांचा हात खिशापाशी अडला.

"काय झालं?" बाईंनी आरशातून विचारलं.

"काही नाही." ते खिशावर हात ठेवूनच उभे होते. "दिवा अजून बंदच आहे, म्हटलं."

"सरी," त्या म्हणाल्या आणि उजव्या हातात आणखी दोन बांगड्या चढवू लागल्या. "थांबा जरा. लॉरीवाल्यांना लांबून दिसायला नकोत?"