दशमीचा मऊ भात

प्लेगच्या साली महाराजांच्या हुकमानं आम्ही गावाबाहेर झोपडीत राहायला गेलो. तिथं यांना ताप भरला. उतरला तर चातुर्मास पाळीन, असं मी अंबाबाईला बोलले. ताप उतरला.

दिवसातून एकदाच जेवायचं, कांदा-लसूण वर्ज्य, आणि पानावर बसल्यापासून उठेपर्यंत बोलायचं नाही. एकदा उठलं की त्या दिवसाचं जेवण झालं.

कार्तिकी दशमीचं जेवण शेवटचं. दुसऱ्या दिवशी निर्जळी एकादशी. म्हणून आठ दिवस मी मऊ भाताचाच विचार करत होते. जपातसुद्धा. माझं माहेर देवगडचं. आमच्याकडं मऊ भातावर ओल्या खोबऱ्याची चटणी. जोतिबाला वाढवलेल्या नारळाची सकाळीच वाटून ठेवली होती.

रोज मी हातानं वाढून घेई. त्या दिवशी थोरल्या जाऊबाई, बनाबाई, म्हणाल्या, "आज मी वाढतो. तू निवांत बस."

"भातावर तूप आणि चटणी घाला," म्हटलं आणि पानावर बसले.

कोल्हापुरात चटणी म्हणजे लसूण घालून कुटलेलं लाल तिखट, हे मला ठाऊक होतं. भुकेपोटी आठवलं नाही.

जाऊबाईंनी पांढऱ्याशुभ्र भातावर ते तिखट ओतलं. वर तूप. लसणाचा वास सुटला. मी नुसती बघत राहिले.

"कमी झाली व्हय?" त्यांनी आणखी घातलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"लाजतीस कशाला? घरचीच हाय की." आणखी घातलं.

ठसक्यानं डोळ्यांत पाणी आलं. एका कडेला थोडा भात पांढरा राहिला होता, त्यावर मी हात आडवा धरला.

"गरम लागतंय व्हय? थांब, कालवून देतो." आणि त्यांनी सगळा भात लाल करून दिला.

बोलावं तर मौन मोडतं. खावं तर लसूण पोटात. उठावं तर परवापर्यंत उपास.

मी उठले. हात धुऊन म्हणाले, "जाऊबाई, त्यात लसूण होता."

"लसूण कुठला? चटणी घातली की म्यां." त्या माझ्याच पानावर बसल्या आणि घाम पुसत भात संपवला. "झ्याक झालता. खायाचा हुतास."

द्वादशीला उद्यापन झालं. भटजींनी विचारलं, "मौन नीट पाळलंत ना?"

"पानावर तोंडातून एक शब्द गेला नाही," मी सांगितलं.

जाऊबाईंना मनात काय काय म्हटलं, ते भटजींनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.