काकू अजून रस्त्यातच होत्या

मी ट्रायपॉड बोलतोय. तीन पाय आहेत मला, पण पाऊल एकही टाकता येत नाही. धावणाऱ्यांच्या घोळक्यात माझ्यासारख्याचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एका लांबट खोक्यात मी पाय मिटून पडलो होतो, एवढंच आठवतं. ते खोकं सुखदाने उघडलं. सुखदा मूळची पुण्याची, गुडगावच्या एका आयटी कंपनीत नोकरीला. दिल्लीत करमेना म्हणून तिने दहा-बारा मराठी माणसं जमवली आणि धावण्याचा गट काढला. नाव ठेवलं 'रविवारची पावलं'. सकाळी सहाला आर. के. पुरममधल्या एका बागेच्या फाटकाशी जमायचं, सेक्टरांच्या रस्त्यांवरून आठ किलोमीटरचा फेरा मारायचा आणि परत फाटकाशी येऊन एक फोटो काढायचा.

माझ्याआधी फोटोसाठी वाटेवरच्या कुणाला तरी विनवावं लागे. एका अंकलनी म्हणे पाच फोटो काढून दिले आणि पाचही फोटोंत त्यांचाच अंगठा होता. मग मोबाइल धरायला मला आणलं.

या गटाचा एक नियम होता. सगळ्यांत शेवटी येईल त्याने फोटोची पोज ठरवायची, आणि तो येईपर्यंत फोटो नाही. मला हा नियम मनापासून आवडायचा. या शहरात मेट्रोच्या दारापासून परीक्षेच्या यादीपर्यंत सगळं कौतुक पुढच्याचं. मागच्याला विचारतंय कोण? इथे मात्र मागच्याने म्हणावं आणि पुढच्यांनी नाचावं!

शेवटी यायच्या त्या बहुतेक वेळा कुमुदिनीकाकू. सत्तावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, बडबड्या. फाटकातून आत येता येताच ओरडायच्या, "केळ्यांचा घड!" की लगेच सगळे एकमेकांना चिकटून वाकडे उभे. कधी दोरीवर वाळत घातलेले कपडे, कधी लग्नाच्या बुफेतली रांग. त्या रांगेत मध्येच घुसणारा पाहुणाही काकू नेमून द्यायच्या. टायमरचं बटण दाबलं की मी मनातल्या मनात दहा आकडे मोजायचो. त्या दहा सेकंदांत शहाणीसुरती माणसं किती आनंदाने वेडी होतात, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

काकूंचे यजमान राजीवकाका केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. त्यांचं सरकारी घर बागेजवळच, म्हणून माझा मुक्काम त्यांच्या दारामागे, छत्रीशेजारी. त्यामुळे काकूंची एक गोष्ट मला ठाऊक होती, गटात कुणालाच नव्हती. मार्चमध्ये काका निवृत्त होणार होते. मग घर सोडून दोघं सांगलीला जाणार. त्याआधी एकदा तरी ते आठ किलोमीटर मध्ये न चालता, न थांबता धावायचे, असं काकूंनी ठरवलं होतं. दोन वर्षं प्रयत्न चालू होता. सहाव्या किलोमीटरच्या चढावर पाय हटकून चालायला लागायचे. घरी आल्यावर काका विचारायचे, "मग? चढ जिंकला की तू?" काकू म्हणायच्या, "चढच. पण आज थोडक्यात."

त्याच हिवाळ्यात पुष्कर गटात आला. उंच, तरतरीत, सगळ्यांत पुढे धावणारा. मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तिथे रविवारीही पाळी असायची आणि कंपनीची बस धौलाकुव्याहून साडेसातला सुटायची. पोरगा वाईट नव्हता, पण सारखा घड्याळात बघायचा.

डिसेंबरातला एक रविवार. धुकं होतं. सात वाजले तरी काकूंचा पत्ता नव्हता.

"यार, बस चुकेल माझी," पुष्कर म्हणाला. "काकूंचं मी बघतो ना. चलो, काढून टाकू."

सुखदा जरा घुटमळली, पण थंडीने सगळेच काकडले होते. तिने बटण दाबलं. माझ्या एका पायाची कडी सैल आहे, शंभरदा ती ऐन वेळी सटकली आहे. त्या दिवशी मी मनापासून वाट पाहिली, आता सटकेल, मग सटकेल. नाही सटकली. ताठ उभा राहून मी तो फोटो काढू दिला.

सगळे पांगले. काकू नेहमी मला घरी नेतात म्हणून मला तसाच झाडाखाली ठेवलं. बारा मिनिटांनी धुक्यातून काकू आल्या. लालबुंद चेहरा, छातीचा भाता झालेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. मग माझ्या खांद्यावर हात टेकून त्या हळूच म्हणाल्या, "एकदाही थांबले नाही हं आज."

एवढं मोठं वाक्य, आणि ऐकायला मी!

दुपारी त्यांच्या फोनवर फोटो आला. सगळे पैलवानासारखे दंड फुगवून उभे. आणि मध्ये काकू! एप्रिलमधला अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट, केळ्यासारख्या वाकलेल्या. पुष्करने जुन्या फोटोतून उचलून चिकटवल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'काकू, तुमच्याशिवाय फोटो पूर्ण कसा होणार!'

"अरे वा, आहेस की तू," काका चष्मा सावरत म्हणाले. "बारीकही दिसतेस."

"ती मी नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी फोन पालथा ठेवला.

त्यानंतर दोन रविवार त्या गेल्या नाहीत. मी दारामागे, त्यांचे बूट माझ्यासमोर. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी सुखदा आणि पुष्कर घरी आले. काकूंनी चहा दिला, चकल्या दिल्या. दोघांच्याही आयांची चौकशी केली. फोटोचं नावही काढलं नाही.

शेवटी पुष्करच म्हणाला, "काकू, रागावलात? मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"रागावले नाही रे. पण तू फोटोत मला उभी केलीस, तेव्हा मी कुठे होते ठाऊक आहे? चढावर. आयुष्यात पहिल्यांदा तो चढ मी धावत चढत होते. आठच्या आठ किलोमीटर, न थांबता. आणि तुझा फोटो म्हणतो, मी तुमच्यात आरामात उभी होते." काकूंनी चकल्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली. "मला गाळलं असतंस तरी चाललं असतं. निदान मी रस्त्यात आहे, एवढं तरी खरं राहिलं असतं."

सुखदाचे डोळे भरून आले. पुष्कर मान खाली घालून चकलीचे तुकडे करत बसला.

"तुम्ही अर्धा तास आधी निघालात तर?" त्याने चाचरत विचारलं.

"म्हणजे पुन्हा एकटीच धावू? शेवटी यायला पुढे माणसं लागतात, बाळा."

काका तेवढ्यात म्हणाले, "हिला आधी पाठवू नका आणि तुम्ही थांबूही नका. तुमचे पाय चांगले आहेत ना? मग आपलं धावून झालं की उलटे फिरा."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. सगळे धावायला निघाले. पावणेसातला पुष्कर फाटकाशी पोहोचला, मागोमाग बाकीचे. आणि त्याने काय करावं? मला खांद्यावर टाकलं आणि उलट दिशेने धावत सुटला! अहो, मी धावत होतो! वारा माझ्या तिन्ही पायांतून शिट्ट्या घालत होता. मागे सुखदा आणि सगळा गट. फूटपाथवरचे चहावाले बघत राहिले.

चढाच्या माथ्यावर त्याने मला रोवलं. खालून काकू येत होत्या, हळूहळू, पण धावत.

"काकू, पोज सांगा!" सुखदा ओरडली.

"झाडं व्हा!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "आणि वाट सोडा. माझे दोन किलोमीटर राहिलेत!"

पुष्करने बटण दाबलं आणि पळत जाऊन कडुनिंबाशेजारी हात पसरून उभा राहिला. दोन्ही बाजूंना माणसांची झाडं. मी मोजत होतो. सात, आठ, नऊ... दहाला काकू बरोबर मधून गेल्या. थांबल्या नाहीत.

फोटोत त्या जरा पुसट आल्या आहेत. धावणारं माणूस तसंच येतं. मग सगळी झाडं त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावली, आणि पुष्कर तिथून थेट बसकडे पळाला.

मार्चमध्ये काका-काकू सांगलीला गेले. जाताना काकूंनी मला पुष्करच्या हवाली केलं. आता मी मुनिरक्यातल्या त्याच्या खोलीत असतो. सैल कडीला रबरबँड गुंडाळलाय, एका पायाचं बूच हरवलंय. नवे ट्रायपॉड हलके असतात, लवकरच एखादा माझ्या जागी येईल. येऊ दे.

माझी विनंती एवढीच. तुमच्याही फोटोत कुणीतरी नसेल. आई असेल, वर्गातला एखादा असेल. घाई असली की माणूस सहज म्हणतं, नंतर चिकटवू. नका चिकटवू. ते रस्त्यात आहेत, आणि जीव तोडून येतायत. मला उचला, आणि उलटे फिरा.