चाँदसाब हटवण्याचा ठराव

झुंजार तालमीच्या सभेत एकमत झालेलं विश्वजित सरांनी सेक्रेटरीपदाच्या बावीस वर्षांत एकदाच पाहिलं होतं, आणि ते सभा आटोपती घ्यावी या मुद्द्यावर. त्यामुळं त्या रविवारी सकाळी विजयसिंह जे बोलला त्याला तौसीफनं उठून पाठिंबा दिला, तेव्हा सरांना पहिली शंका आली ती स्वतःच्या कानांची.

प्रश्न चाँदसाबाचा होता. चाँदसाब म्हणजे तालमीचा पंजा; चांदीचा, हातभर उंच. वर्षभर तो कपाटात असतो आणि मोहरमला मारुतीच्या शेजारच्या खोलीत बसतो. मारुतीनं याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. पंजा घासूनपुसून बसवायचं काम गैबी पिंजाऱ्याच्या घरात चार पिढ्या चालत आलेलं. गैबीचं गाद्या भरायचं दुकान, घर दोन खोल्यांचं, त्यातली एक कापसानं भरलेली. चाँदसाबाला तालमीतून काढलं तर पत्र्याच्या ट्रंकेशिवाय जागा नव्हती. आणि त्याच दुपारी कुदळ मारायची होती, म्हणजे पंज्यासमोर विस्तव पेटवायच्या खाईचा खड्डा खणायला सुरुवात करायची होती. गैबी सकाळपासून दाढी करून, पांढरा सदरा घालून दारात बसला होता, निकाल ऐकायला आलेल्या पेशंटसारखा.

विजयसिंह हा अभ्यासक होता. म्हणजे गेल्या पावसाळ्यापर्यंत तो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा. मग त्यानं मोबाइलला तिपाई घेतली आणि अभ्यासक झाला. ‘जिहादची पाळंमुळं’ या त्याच्या मालिकेचे एकोणीस भाग झाले होते. पाळंमुळं शोधत तो अरबस्तानात गेला, इराणात गेला, आणि विसाव्या भागात थेट आपल्या गल्लीत येऊन पोचला.

“मंडळी,” तिपाईकडं तोंड करून तो म्हणाला, “जगभर जे बॉम्ब फुटत्यात, त्याचं मूळ कुठं हाय? आपल्याच कपाटात! हिरवं कापड, वर पंजा. हे चिन्ह कुणाचं? त्यांचंच की! माझी सूचना हाय, पंजा आजच्या आज बाहेर.”

आता गैबीच्या बाजूनं कोण बोलणार म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या, तर उठला गैबीचा पुतण्याच. तौसीफ सहा वर्षं दम्मामला एसी दुरुस्त करत होता. गेला तेव्हा मोहरमला सगळ्यात पुढं नाचणारा हाच. परत आला तो खोलीवरच्या जोडीदारांनी दाखवलेले व्हिडिओ आणि घोट्याच्या वर पँट घेऊन.

“माझा पाठिंबा हाय,” तौसीफ म्हणाला. “पंजाफिंजा धर्मात न्हाय. सगळा शिर्क हाय. देवाच्या जोडीला दुसरं कुणी बसवायचं न्हाय. चाचा, राग मानू नका, पन हे बंद व्हायला पायजे.”

“अरे गाढवा,” गैबी म्हणाला, “ह्याच पंजाफुडं तुझ्या आईनं नवस बोलला म्हनून तू झालास!”

“तेच तर चुकलं,” तौसीफ म्हणाला. यातलं नेमकं काय चुकलं, यावर मागच्या ओळीत दोघं हसले.

टाळ्या पडल्या. अर्ध्या टाळ्या विजयसिंहाला होत्या, अर्ध्या तौसीफला. आपल्या टाळ्या कुठं जमा होतायत याचा हिशेब दोघांनीही केला नाही. अध्यक्ष गणपतरावांना जेवायला बहिणीकडं मुरगूडला जायचं होतं. “झालं की मग,” ते म्हणाले, “दोन्ही समाज एक म्हनत्यात. सर, लिहून घ्या.”

विश्वजित सरांनी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. म्हणजे आपलं कुणी ऐकत नसताना बोलत राहण्याचा सराव त्यांना दांडगा होता. ते उभे राहिले.

“लिहितो की. पन विजयसिंह, तुझ्या एकोणीस भागांत एक गोष्ट राहिली बघ. पावणेतीनशे वर्षांमागं अरबस्तानातल्या वाळवंटात एक धर्मोपदेशक आणि एक सरदार, दोघांनी हातमिळवणी केली. एकानं फतवे द्यायचे, दुसऱ्यानं तलवार चालवायची. त्या सरदाराच्या मुला-नातवाच्या काळात त्यांची टोळी करबल्यावर चालून गेली, हुसेनची कबर फोडली, गाव लुटलं. हा चाँदसाब कुणाच्या नावानं बसतो, गैबी?”

“हुसेनसाबाच्या,” गैबी म्हणाला.

“म्हंजे त्यांनी तिकडं जे फोडलं, तेच तू हितनं बाहेर काढाय निघालाईस. तेबी बिनपगारी.”

“सर, ते जुनं झालं. मी आत्ताचं बोलतोय,” विजयसिंह म्हणाला.

“आत्ताचं ऐक. इजिप्तच्या तुरुंगांत मार खाऊन काहीजण बाहेर पडले आणि त्यांनी आपलाच सगळा समाज बाटलेला ठरवला. पुढं एकोणऐंशीत रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात शिरलं. मग अमेरिकेनं बंदुका दिल्या, सौदीनं पैसा दिला, पाकिस्ताननं तळ दिले, आणि देशोदेशीची पोरं लढाईला बोलावली. तवा ती सगळ्यांचीच लाडकी होती. रशिया गेला, पोरं उरली. हातात बंदूक, डोक्यात फतवा, काम काय न्हाय. त्यांनी नंतर काय काय फोडलं? बुद्ध फोडला, दर्गे फोडले, पिरांच्या कबरी उडवल्या. दर्ग्यात फकिरांचा नाच, त्यांची ती धमाल, बघायला आलेली मानसं मारली. त्यांच्या यादीत पयला नंबर कुनाचा? तुझा न्हवं. ह्या गैबीचा.”

“म्हंजे मी अतिरेकी?” तौसीफ उसळला.

“तू एसी दुरुस्त करतोस, तौसीफ. तुला कुनी अतिरेकी म्हनत न्हाय. तुझं मत तुझ्यापाशी ठेव, पंजाफुडं वाकू नकोस. पन चाचाचा पंजा फेकायला उठलास, तर ही यादी आधी कुनी केली तेवढं बघून ठेव.”

सभेवर भाषणाचा परिणाम काय झाला? आठवी ‘ब’वर व्हायचा तोच. दोघं मोबाइल बघत होते. एकानं “पंख्याचं कधी करताय?” असं विचारलं. गणपतरावांनी घड्याळाकडं पाहिलं. “सर, लई छान माहिती. आता ठराव लिहा.”

सर खाली बसले. लाल कापडाचं प्रोसिडिंग बुक उघडून त्यांनी ठराव लिहिला. ठरावाखाली सूचकानं आणि अनुमोदकानं शेजारी शेजारी सही करायची, असा तालमीचा शाहू महाराजांच्या काळापासूनचा नियम होता. त्याशिवाय इथं पंख्याचं पातंसुद्धा बदलत नसे.

“सूचक, विजयसिंह. अनुमोदक, तौसीफ,” सर मोठ्यानं वाचत गेले. “कारण: दोघांचा विचार एकच असल्यामुळे. या, सह्या करा. आणि विजयसिंह, ती तिपाई जरा जवळ घे. दोघं एका फोटोत येऊ द्या. विसावा भाग झोकात होईल.”

विजयसिंह पेन घेऊन वाकला आणि तसाच थांबला. पानावर त्याच्या नावाला खेटून तौसीफचं नाव होतं. त्याच्या डोळ्यांपुढं प्रेक्षक उभे राहिले असावेत, आणि खालच्या कॉमेंटी.

“अनुमोदक दुसरा कुनी न्हाय का?” तो हळूच म्हणाला.

“बाकी कुनी उठलं न्हाय बाबा.”

“मग आधी त्याला सही करू दे.”

“मी का आधी?” तौसीफ म्हणाला. “ह्याच्या नावाशेजारी माझं नाव? ह्यानं आमच्यावर एकोणीस व्हिडिओ टाकल्यात! दम्मामच्या ग्रुपवर फोटो गेला तर मला काय म्हनतील?”

“मला तरी काय म्हनतील!”

“मग काढ की तुझं नाव.”

“तू काढ. सूचना माझी हाय!”

अर्धा तास झाला. आधुनिक जगातल्या दोन मोठ्या विचारधारा एका बॉलपेनवरून एकमेकींना ढकलत राहिल्या. शेवटी गणपतरावांची मुरगूडची एसटी निघून गेली. ते चिडले, “सही न्हाय तर ठराव न्हाय! सभा संपली!”

तेवढ्यात दारात विजयसिंहाची आत्या, आक्का, उभी राहिली. हातात धुतलेली कुदळ, दांड्याला हळदकुंकू. पहिली कुदळ मारायचा मान विजयसिंहाच्या घराचा. हे त्यानं एकाही भागात सांगितलं नव्हतं.

“किती वेळ बोलतायसा रं?” आक्का म्हणाली. “विजू, चल. आनी ते पायाचं यंत्र बंद कर आधी.”

“आक्का, मी औंदा...”

“औंदा काय? बारा वर्षाचा हुईस्तोवर दर मोहरमला चाँदसाबाचा फकीर व्हायचास. हिरव्या सदऱ्यातला फोटो हाय घरात. आनू?”

विजयसिंहानं तिपाई मिटली. कुदळीचा पहिला घाव इतका तिरका बसला की माती उडून त्याच्याच बुटावर पडली. तौसीफ पायरीवर लांब, पाठ करून बसला; पण ढोल सुरू झाल्यावर त्याची टाच हलत असल्याचं सरांनी पाहिलं आणि प्रोसिडिंगमध्ये लिहिलं नाही.

गैबी कपाटाची किल्ली हातात घेऊन जवळ आला.

“सर, फुडल्या वर्षी दोघांनी सही केली तर?”

“त्याला आधी दोघांना एका बाकावर बसाय लागंल, गैबी.”

गैबीनं जरा विचार केला. मग कपाट उघडायला आत गेला.